तीन माठ, एक कळशी आणि तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन

तालुका विज्ञान प्रदर्शनाचं पत्रक शाळेत आलं की शिक्षकखोलीत पहिला प्रश्न असतो, "यंदा काय ठेवायचं?" मुलांच्या घरी पहिला प्रश्न असतो, "खर्च किती येईल?" सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावच्या माध्यमिक शाळेत मी बरीच वर्षं विज्ञान शिकवते आहे. मुलांना घेऊन प्रदर्शनांना गेले आहे, परीक्षक म्हणून टेबलांपुढून फिरले आहे, आणि प्रदर्शन आमच्याच शाळेत भरलं तेव्हा मांडवातल्या विजेच्या जोडण्यांपासून मुलांच्या जेवणापर्यंत सगळं सांभाळलं आहे. त्यातल्या एका वर्षाची तयारी इथे तपशिलात सांगते. मूल विज्ञान शिकतं म्हणजे नेमकं काय घडतं, हे मला त्या वर्षी फार जवळून दिसलं.

शाळा सुटली तसा ज्यांचा या प्रदर्शनांशी संबंधही सुटला, त्यांच्यासाठी थोडं आधीचं. राष्ट्रीय पातळीवरचं बालवैज्ञानिक प्रदर्शन एनसीईआरटी ही शालेय शिक्षणाची केंद्रीय संस्था १९७१ पासून भरवते आहे. दर वर्षी एक मुख्य विषय आणि त्याखाली काही उपविषय ठरतात. शेती, आरोग्य, ऊर्जा, दळणवळण, पर्यावरण, गणिती प्रतिकृती अशी त्यांची साधारण जात. शाळेतून निवडलेला प्रकल्प तालुक्याला जातो, तिथून जिल्ह्याला, मग राज्याला आणि तिथून देशपातळीवर. सहावी ते आठवीचा एक गट, नववी ते बारावीचा दुसरा. शिक्षकांची शैक्षणिक साधनं आणि प्रयोगशाळा परिचरांची उपकरणं यांची वेगळी टेबलं असतात. तालुक्याचं प्रदर्शन बहुधा दिवाळीनंतर, डिसेंबरच्या सुमारास येतं. म्हणजे शाळा सुरू झाल्यापासून मनात धरलं तर हातात चांगले पाच महिने असतात. प्रत्यक्षात बहुतेक शाळांत काम सुरू होतं ते शेवटच्या आठवड्यात, आणि तिथेच सगळं बिनसतं.

शेवटच्या आठवड्यात काय होऊ शकतं? सिरिंजचा जेसीबी, खायचा सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी, थर्माकोलचं आदर्श गाव, हात पुढे केला की झाकण उघडणारी कचराकुंडी. या प्रतिकृतींना मी सरसकट नावं ठेवणार नाही. सिरिंजचा जेसीबी मुलानं स्वतः जोडला, नळीत हवेचा बुडबुडा राहिला की हात अर्ध्यावरच अडकतो हे त्याला दिसलं, आणि तो बुडबुडा काढायला त्यानं तासभर झटापट केली, तर पास्कलचा नियम (कोंडलेल्या द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पोचतो) त्याच्या बोटांत उतरला असं मी म्हणेन. पण हाच जेसीबी आता तालुक्याच्या गावी दुकानात तयार मिळतो. बाप पैसे देतो, मूल टेबलामागे उभं राहून पाठ केलेली माहिती म्हणतं. परीक्षकानं मध्येच थांबवलं की त्याला पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरुवात करावी लागते. त्या मुलाचा यात काही दोष नसतो. त्याला शिकायची संधीच मोठ्यांनी दिलेली नसते.

म्हणून मी एक पथ्य पाळत आले आहे. प्रश्न मुलाचा हवा, त्याचं पूर्ण उत्तर मला आधी ठाऊक नसावं, आणि उत्तर शोधताना काहीतरी मोजावं लागावं.

त्या वर्षी पावसाळ्यात नववीच्या वर्गाला मी वहीच्या मागच्या पानावर "मला न कळलेली गोष्ट" लिहायला सांगितली होती. मुलं आधी कचरतात, मग सुटतात. बोअरच्या पाण्यात साबणाला फेस का येत नाही, डाळिंबावरचा तेल्या रोग पावसातच का भडकतो, मोबाईल चार्जिंगला लावला की गरम का होतो. त्यात कुंभारवाड्यातल्या एका मुलीनं लिहिलं होतं, "पावसाळ्यात माठातलं पाणी गार का लागत नाही?"

तिच्या घरी हा रोजीरोटीचा प्रश्न होता. आजोबा माठ घडवतात, वडील बाजाराला नेतात, आणि पहिला पाऊस पडला की माठाचं गिऱ्हाईक संपतं. लोक म्हणतात, थंडी आली, आता माठ कशाला. पण तिचं म्हणणं वेगळं होतं. पावसाळ्यात चांगलं उकडतं, तहान लागते, तरी माठ नीट गार करत नाही. वर्ग हसला नाही, उलट भांडायला लागला. वस्तीवरून येणारी तिची मैत्रीण म्हणाली, "तुमचा लाल माठ गार करत नसंल. आमच्यात काळाच आणत्यात. काळा जास्त गार करतो." निम्मा वर्ग काळ्याच्या बाजूनं, निम्मा लालच्या. मी म्हटलं, "भांडू नका, मोजा." त्या दोघींचा गट तिथेच ठरला.

मोजायचं म्हणजे तापमापी हवा. प्रयोगशाळेच्या कपाटातून सगळे तापमापी काढले, पुसले आणि एकाच बादलीत बुडवून ठेवले. दहा मिनिटांनी दोघींनी आकडे वाचले. एक म्हणतो २६, दुसरा २७, तिसरा त्या दोघांच्या मध्ये. पाणी एकच, बादली एकच. कुंभारवाड्यातलीनं पुन्हा वाचलं, मैत्रिणीला वाचायला लावलं, डोळा पाऱ्याच्या रेषेत आणून वाचलं. फरक तसाच. "मॅडम, यातला खरा कोणता?" हा प्रश्न पाठ्यपुस्तकातल्या कुठल्याही स्वाध्यायात येत नाही. पुस्तकातले तापमापी नेहमी खरं बोलतात. मग दोघींनीच तोड काढली. प्रत्येक तापमापीला दोऱ्यानं कागदाची चिठ्ठी बांधली, एकाला मुख्य ठरवलं आणि बाकीचे त्याच्यापेक्षा किती चढे किंवा उतरे दाखवतात ते चिठ्ठीवर लिहिलं. पुढे प्रत्येक नोंदीत तेवढी बेरीज-वजाबाकी करायची. उपकरणाची चूक ओळखून ती हिशोबात धरायची ही गोष्ट मी कॉलेजात शिकले होते. या दोघी ती नववीत, एका बादलीपाशी शिकल्या.

मांडणी अशी ठरली. एक नवा लाल माठ, एक नवा काळा माठ, वस्तीवरच्या घरातला जुना लाल माठ आणि तुलनेला स्टीलची कळशी. चौघांत पाच-पाच लिटर पाणी, एकाच टाकीतलं, एकाच वेळी भरलेलं. जागा प्रयोगशाळेमागची पडवी, जिथे ऊन येत नाही पण वारा येतो. शेजारी खुंटीला दोन तापमापी टांगले. एक उघडा, दुसऱ्याच्या फुग्याला सुती कापडाची पट्टी गुंडाळून तिचं टोक पाण्याच्या वाटीत सोडलेलं. हा ओला तापमापी या प्रयोगाचा कणा होता, म्हणून त्याबद्दल थोडं सांगते.

ओल्या पट्टीतलं पाणी उडून जातं, जाताना फुग्याची उष्णता घेऊन जातं, आणि तापमापी खाली उतरतो. हवा कोरडी असली तर पाणी भराभर उडतं आणि तो बराच खाली जातो. हवेत आधीच बाष्प भरलेलं असलं तर पाण्याला उडायला वाव नसतो, तो फारसा उतरत नाही. माठाची भिंत हीसुद्धा एक ओली पट्टीच. तिच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपतं, बाहेरच्या अंगाला येऊन उडतं आणि आतल्या पाण्याची उष्णता कमी करतं. म्हणजे सावलीत ठेवलेला माठ कितीही चांगला असला, तरी ओला तापमापी जिथे थांबतो त्याच्या खाली पाणी नेऊ शकणार नाही. हे मी मुलींना सांगितलं नाही. दोन्ही तापमापी टांगायला लावले आणि वाट पाहिली.

ऑगस्टमधल्या पावसाच्या दिवसांत हवा २७ अंश असायची आणि ओला तापमापी २५ च्या आसपास. माठातलं पाणीही २५ ते २६. म्हणजे जेमतेम एक-दोन अंशांचा खेळ, हाताला काय कळणार? दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली तेव्हा आभाळ स्वच्छ होतं आणि ओठ फुटायला लागले होते. दुपारी हवा ३० अंश, ओला तापमापी १९ आणि नव्या लाल माठातलं पाणी २२ च्या खाली. कुंभारवाड्यातलीनं दोन्ही महिन्यांची पानं शेजारी शेजारी धरली. ती म्हणाली, "मॅडम, माठ ओल्या तापमापीच्या मागं मागं चालतोय." तिच्या प्रश्नाचं उत्तर तिच्याच अक्षरात तिच्यासमोर होतं. मी फक्त दहावीच्या पुस्तकातला उष्णतेचा धडा उघडून दिला, जिथे सापेक्ष आर्द्रता (हवा बाष्पानं किती भरली आहे त्याचं प्रमाण) आणि अप्रकट उष्मा (पाण्याची वाफ होताना तापमान न वाढवता खर्च होणारी उष्णता) हे शब्द येतात. दोघींनी तो धडा एक वर्ष आधीच वाचून काढला, कारण आता त्यांना त्याची गरज होती.

आणि मग त्यांनी एक हिशोब केला, जो माझ्या आजही डोक्यातून जात नाही.

किराणा दुकानातून मागून आणलेल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर आम्ही रोज संध्याकाळी माठ तोलत होतो. नव्या माठाचं वजन दिवसभरात साधारण ४०० ग्रॅमनं कमी व्हायचं. तेवढं पाणी उडालेलं. पुस्तकात दिलेलं होतं की एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला ५४० कॅलरी लागतात. ४०० ला ५४० नं गुणलं, २,१६,००० कॅलरी. माठात पाणी ५००० ग्रॅम. एक ग्रॅम पाणी एक अंशानं गार करायला एक कॅलरी काढून घ्यावी लागते. भागाकार केला, उत्तर आलं ४३. म्हणजे पाणी ४३ अंशांनी गार व्हायला हवं! २६ अंशांचं पाणी शून्याच्याही खाली, उणे १७ पर्यंत!

दोघी धावत शिक्षकखोलीत आल्या. वही माझ्यापुढे ठेवून वस्तीवरची म्हणाली, "हिशोबानं तर बर्फ व्हायला पाहिजे." त्यांची खात्री होती की गुणाकार चुकलाय. मी तपासला, चुकला नव्हता. शिवाय ५४० हा आकडा उकळत्या पाण्याचा आहे; साध्या तापमानाला पाणी उडताना त्याहूनही जास्त, ५८० कॅलरींच्या आसपास उष्णता लागते, म्हणजे खरं उत्तर आणखी अशक्य यायला हवं. मी त्यांना एवढंच विचारलं, "ही सगळी उष्णता पाण्यातूनच गेली असं कुणी सांगितलं?"

पुढचे दोन दिवस त्या त्या प्रश्नाभोवती फिरत होत्या. मधल्या सुट्टीत, पाणी भरताना, घरी जाताना. शेवटी उत्तर कळशीनं दिलं. सकाळी कळशीतलं पाणी गार असतं आणि दुपारी चढतं, कारण बाहेरची हवा त्याला तापवते. मग हवा माठाला तापवणार नाही का? माठ गार झाला की भोवतालची ऊन हवा त्याला सतत उष्णता देत राहते, आणि उडणारं पाणी ती सतत बाहेर काढत राहतं. दिवसभरात उडालेल्या पाण्यानं नेलेली बरीचशी उष्णता हवेतूनच आलेली असते. दोन्हींचा मेळ बसतो तिथे पाण्याचं तापमान थांबतं. त्या दोघींनी हे सगळं गावाकडच्या भाषेत, अडखळत, एकमेकींचं वाक्य तोडत मला समजावून दिलं. उष्णतेचा समतोल ही कल्पना एखाद्या मुलाला इतकी आतून कळलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. प्रदर्शन नसतं तर हा हिशोब झालाच नसता. वेळापत्रकात त्याला जागा नाही, परीक्षेत त्याला गुण नाहीत. काहीतरी तयार करून लोकांपुढे ठेवायचं आहे, ही एक मुदत आणि एक जबाबदारी प्रदर्शन देतं. त्याचं मोल मी फार मानते.

काळा की लाल, या भांडणाचं काय झालं? पहिल्या काही दिवसांत काळा माठ अर्ध्या अंशानं गार निघत होता आणि वस्तीवरची खुशीत होती. मग कुंभारवाड्यातलीच म्हणाली की काळा माठ पडवीच्या तोंडाशी आहे, तिथे वारा जास्त लागतो. जागा बदलल्या. आता लाल अर्ध्या अंशानं गार! फरक रंगाचा नव्हताच, वाऱ्याचा होता. मैत्रिणीचं तोंड उतरलं, पण तिनंच वहीत ती ओळ लिहिली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं सारखं ठेवायचं, हे मी फळ्यावर कितीदा लिहिलं असेन. मुलांना ते तिथे पटत नाही.

खरी बातमी निघाली जुन्या माठातून, जो आम्ही केवळ हाताशी होता म्हणून घेतला होता. त्यातलं पाणी २५ च्या खाली येईना, आणि दिवसाला त्याचं वजन जेमतेम दीडशे ग्रॅम घटत होतं. त्याच्या अंगावर पांढरा थर होता. आमच्याकडच्या घरांना तो थर नवा नाही. बोअरचं पाणी जड, झिरपून बाहेर येतं, पाणी उडतं आणि क्षार मागे राहतात. ते क्षारच छिद्रं बुजवतात, पाणी बाहेर येईनासं होतं. आया म्हणतात, "माठ म्हातारा झाला." मुलींनी तो माठ काथ्यानं घासून पाहिला, थोडा फरक पडला, फार नाही. आतली छिद्रं बुजलेली असावीत, असा त्यांनी अंदाज लिहिला आणि पुढे कंसात लिहिलं, "तपासले नाही." तो कंस पाहून मला जो आनंद झाला तो बक्षिसानं झाला नसता.

अंदाज पक्का करायला आम्ही कुंभारवाड्यात गेलो. आबा चाकावर होते. नातीच्या शाळेचं काम म्हटल्यावर त्यांनी चाक थांबवलं, हात पुसले आणि आम्हाला आव्याजवळ, म्हणजे माठ भाजायच्या भट्टीजवळ नेलं. "रंगाचं काय घेऊन बसलात बाई," ते म्हणाले. "भाजताना धूर आत कोंडला की माठ काळा होतो, मोकळी हवा दिली की लाल. गार करायचं काम मातीत काय कालवलंय त्याचं." ते मातीत राख आणि लीद कालवतात. आव्यात लीद जळून जाते आणि तिच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. फार बारीक मळलेली, फार भाजलेली माती पाणी झिरपू देत नाही. कमी भाजलेली नुसतीच गळते. आबांनी एक माठ हातावर घेऊन बोटानं टिचकी मारली, आवाजावरून भाजणी सांगितली. नातीनं तो माठ कितीतरी वेळा उचलला असेल, पण आजोबांना प्रश्न विचारून त्यांचं म्हणणं लिहून घ्यायची तिची ही पहिलीच वेळ. त्या मुलीला शाळेत आपण कुंभाराची आहोत हे सांगायला अवघड वाटायचं, हे मला माहीत होतं. त्या दिवसानंतर ती वर्गात "आमचे आबा म्हणतात" अशी वाक्यं करायला लागली.

मांडणीच्या वेळी शाळेत थोडी ओढाताण झाली. काही सहकाऱ्यांना वाटत होतं की नुसते माठ ठेवून काय दिसणार, एखादा मोठा फ्लेक्स करू, दिवे लावू, एक पंखा फिरता ठेवू. त्यांची काळजी समजण्यासारखी होती. तालुक्याला शाळेचं नाव असतं. पण मी मुलींना ठरवू दिलं. त्यांनी पांढऱ्या कार्डशीटवर हातानं दोन आलेख काढले, एक ऑगस्टचा आणि एक नोव्हेंबरचा. मध्ये नोंदवही उघडी ठेवायची, खाडाखोडीसकट. जुन्या माठाचा एक फुटका तुकडा आणि आबांकडून आणलेला नव्या माठाचा तुकडा शेजारी ठेवून भिंग ठेवायचं, म्हणजे बघणाऱ्याला छिद्रं दिसतील. आणि लोकांनी हात लावून पाहायचा, म्हणून चारही भांडी भरलेली.

बोलण्याचा सराव मी पाचवीच्या वर्गापुढे करून घेतला. पाचवीची पोरं दयामाया दाखवत नाहीत. "अप्रकट उष्मा म्हणजे काय ताई?" असं कुणी विचारलं की पुस्तकातली व्याख्या तिथे कामाला येत नाही. वस्तीवरचीनं एकाच्या मनगटावर पाणी लावून फुंकर मारली आणि विचारलं, "गार लागलं? आता कोरड्या हातावर मारते. आता लागलं का तेवढं?" तेच पुढे तिनं प्रदर्शनात पन्नासेक माणसांना करून दाखवलं असेल.

प्रदर्शनाचा दिवस धावपळीचा. भल्या पहाटे टेम्पोत माठ गवतात गुंडाळून ठेवले. मोठ्या शाळेच्या सभागृहात ओळीनं टेबलं, प्रत्येकावर पांढरा कागद आणि क्रमांकाची चिठ्ठी. उद्घाटन, पाहुण्यांची भाषणं, मग परीक्षक. आमच्या डाव्या बाजूला दिव्यांनी लखलखणारं एक आदर्श गाव होतं, उजव्या बाजूला सातवीतल्या एका मुलानं टाकाऊ सायकलच्या सुट्या भागांतून जोडलेलं कडबा कापायचं यंत्र. ते यंत्र मला फार आवडलं. पातं एका बाजूला ओढतं म्हणून त्यानं तिथे वजन बांधलं होतं, आणि किती वजन बांधायचं ते त्यानं करून करून शोधलं होतं. आमच्या मुली दुपारी त्याच्याकडे जाऊन बराच वेळ बोलत बसल्या. मुलांनी एकमेकांची टेबलं पाहायला प्रदर्शनात खास वेळ ठेवायला हवा. तो बहुतेक ठिकाणी ठेवलेला नसतो. मुलाला टेबल सोडू नकोस अशी ताकीद असते आणि ते दिवसभर आपल्याच वस्तूमागे उभं राहतं.

परीक्षकांकडे वेळ थोडा आणि टेबलं खूप. मी स्वतः ते काम केलेलं असल्यानं त्यांची घाई मला कळते. गुणपत्रकात कल्पकता, वैज्ञानिक तत्त्व, कारागिरी, उपयुक्तता, कमी खर्च, सादरीकरण असे रकाने असतात. पहिल्या परीक्षकांनी विचारलं, "यात तुमची प्रतिकृती कुठली?" मुलींनी नोंदवही पुढे केली. त्यांनी ती चाळली, मान हलवली, पुढे गेले. दुसऱ्या परीक्षक बाई थांबल्या. त्यांनी भिंगातून तुकडे पाहिले, आलेख पाहिला आणि सरळ विचारलं, "मग सांग, घरी काळा माठ घ्यावा की लाल?"

वस्तीवरची म्हणाली, "आमच्याकडं प्रत्येकी एकच होता. एकेका माठावरून सगळ्या माठांचं सांगता येणार नाही."

परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं आणि तिला शेजारच्या खुर्चीवर बसायला सांगितलं. मग त्या तिच्याशी पाच-सात मिनिटं बोलल्या. किती माठ घेतले असते तर सांगता आलं असतं, ते कुठून आणले असते, कोण भाजतो हेही सारखं ठेवावं लागलं असतं का. शेवटच्या प्रश्नावर माझ्याही मनात उत्तर तयार नव्हतं.

दुपारनंतर गावातली माणसं आली, आणि त्या टेबलाला खरा रंग चढला. बायका हात लावून पाहायच्या आणि आपापल्या माठाची तक्रार सांगायच्या. एक आजी म्हणाल्या की त्या माठाला ओलं फडकं गुंडाळतात. मुलींनी लगेच ते वहीत टिपलं. एका शेतकऱ्यानं विचारलं, याच तत्त्वावर भाजी टिकवता येईल का? गुजरातमधल्या वाकानेरचे मनसुखभाई प्रजापती यांनी मातीचा, विजेशिवाय चालणारा फ्रिज केला आहे, हे मुलींना मी आधी सांगितलं होतं. कुंभारवाड्यातलीनं ते सांगितलं आणि पुढे स्वतःच म्हणाली, "पण तो पावसाळ्यात कमी चालंल. हवा कोरडी पाहिजे." तिनं शिकलेली गोष्ट ती नव्या ठिकाणी लावत होती, कुणी न विचारता.

संध्याकाळी निकाल लागला. आमचा प्रकल्प जिल्ह्याला गेला नाही, उत्तेजनार्थ प्रमाणपत्र मिळालं. कडबा यंत्राचा मुलगा आपल्या गटात दुसरा आला, त्याच्यासाठी आमच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. परतताना टेम्पोत दोघी थोड्या नाराज होत्या, आणि ते साहजिक होतं. एवढं काम केल्यावर नंबर यावासा वाटतोच, त्याला मी मुलांना कधी नाही म्हणत नाही.

पण या व्यवस्थेत काही गोष्टी बदलायला हव्यात, आणि त्या अवघड नाहीत. नोंदवहीला स्वतंत्र गुण द्या, आणि ती परीक्षकांनी प्रदर्शनाच्या आधी पाहावी. मुलाला काय कळलं नाही हे त्याला विचारा. जो "हे आम्ही तपासलं नाही" म्हणतो त्याला कमी नका देऊ. दुकानातून आणलेली वस्तू ओळखायला परीक्षकाला दोन प्रश्न पुरतात: पहिल्यांदा केलं तेव्हा काय बिघडलं होतं, आणि ते कसं दुरुस्त केलं? स्वतः केलेल्या मुलाला या प्रश्नावर थांबवावं लागतं, इतकं ते सांगत सुटतं. आणि पत्रक दिवाळीच्या तोंडावर नको, जूनमध्ये हवं. निरीक्षणाला ऋतू लागतात. आमचा प्रयोग ऑगस्टमध्ये सुरू झाला नसता तर हातात निम्मंच उत्तर आलं असतं.

नंबर न आलेल्या कामालाही पुढे वाटा आहेत, हे शिक्षकांनी मुलांना सांगायला हवं. १९९३ पासून चालत आलेली राष्ट्रीय बालविज्ञान परिषद नेमकी अशाच कामासाठी आहे: आपल्या परिसरातला प्रश्न, मुलांनी केलेली पाहणी, आपल्या भाषेत लिहिलेला अहवाल. केंद्र सरकारच्या इन्स्पायर मानक योजनेत शाळेला मुलांच्या कल्पना ऑनलाइन पाठवता येतात आणि निवड झालेल्या मुलाच्या खात्यावर १०,००० रुपये येतात. किती शाळा ही नोंदणी शेवटच्या रात्री, इंटरनेटवरून उचललेल्या कल्पनांनी भरतात, ते मी पाहिलं आहे आणि त्याचं मला वाईट वाटतं. वर्गात "मला न कळलेली गोष्ट" लिहायला लावलं तर तेवढ्या कल्पना एका तासात मिळतात.

त्या दोघी दहावीत गेल्या तेव्हा उष्णतेचा धडा मी त्यांनाच शिकवायला दिला. त्यांनी खुंटीला दोन तापमापी टांगले आणि वर्गाला त्या दिवशीची आर्द्रता तक्त्यावरून काढायला लावली. आता ते दोन तापमापी पडवीत कायमचे आहेत. आठवीची मुलं रोज सकाळी दहा आणि दुपारी तीन वाजता नोंद घेतात. यंदाच्या गटाचा प्रश्न वेगळा आहे: शाळेच्या पत्र्याच्या खोलीवर उसाचं पाचट अंथरलं तर आत किती अंशांचा फरक पडतो, आणि भिजवून अंथरलं तर? पाचट आणून टाकलं आहे, तापमापींना चिठ्ठ्या बांधून झाल्या आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत नोंदी कोण घेणार यावर मुलांची चर्चा चालू आहे.